फियाटचा डिफरन्शियल आणि ५६ दिवस

दुरुस्तीनंतरचे पहिले ५०० किलोमीटर गेल्या आठवड्यात पूर्ण झाले, आता लिहायला हरकत नाही. ऑक्टोबरमध्ये आमच्या फियाटचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना इंजिनचा जोर वाटून देणारा गिअरचा डबा, तुटला तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर शोधत बसायचे, की हे काम नाशिकमध्ये कुणी करून घेतलंय का, खर्च किती येतो, पार्ट मिळतो का, आणि मराठीत काहीच सापडत नव्हतं. म्हणून डायरीत तारखा आणि पैसे जसे लिहून ठेवले होते तसे इथे देतेय.

गाडी बाबांची. प्रीमियर पद्मिनी, १२ जानेवारी १९८५ची नोंदणी, पण घरात आणि गल्लीत सगळे तिला फियाटच म्हणतात. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरची दांडी, मागे पाट्यांचे स्प्रिंग. बाबा तेव्हा नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरीला होते, गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे ते दिवस. मी चार वर्षांची होते. आज बाबा ७८ वर्षांचे आहेत, डोळ्यांमुळे गाडी चालवत नाहीत, पण रविवारी सकाळी मी चालवते आणि ते शेजारी बसतात, हा आमचा नेम आहे.

खरं तर गाडी जूनपासून सांगत होती. चाळीस-पन्नासच्या स्पीडला मागून एक सूंऽऽ असा आवाज यायचा, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढायचा, सोडला की कमी व्हायचा. मला वाटलं टायरचा असेल. बाबा दोनदा म्हणाले, "मागून काहीतरी गातंय गं," आणि मी म्हटलं दिवाळीआधी सर्व्हिसिंगला देऊ तेव्हा बघू. हे माझं चुकलं. आता माहीत झालंय म्हणून सांगते, टायरचा आवाज डांबर बदललं की बदलतो, चाकाच्या बेरिंगचा आवाज गाडी डावी-उजवीकडे झुकवली की कमी-जास्त होतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबण्या-सोडण्याबरोबर जो आवाज बदलतो तो बहुतेक वेळा डिफरन्शियलचा असतो. असा आवाज यायला लागला की त्याच आठवड्यात निदान तेलाची लेव्हल तरी बघून घ्या, त्याला दहा मिनिटं लागतात.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार. त्र्यंबकेश्वरहून परत येत होतो, अंजनेरी मागे टाकलं होतं, एका छोट्या चढावर गिअर उतरवून क्लच सोडला आणि खालून कडाड असा आवाज आला, लोखंडी पहार फरशीवर पडावी तसा. गाडीला एक झटका बसला. कशीबशी कडेला घेतली. इंजिन व्यवस्थित चालू, पण गिअर टाकून क्लच सोडला की गाडी वीतभर पुढे जायची आणि मागून कडकड. दुसऱ्यांदा करून बघणार होते, बाबांनी हात धरला आणि म्हणाले बंद कर, आतले तुकडे अजून काही तोडतील. एकदम बरोबर होतं ते. बाबा रस्त्याकडेला दगडावर बसले, मी छत्री धरून उभी, ऊन फार होतं, आणि मला सारखं वाटत होतं की ही गाडी आता काही परत चालत नाही.

टोइंगवाल्याला फोन केला तर तो पुढची चाकं उचलून ओढायची गाडी घेऊन आला. बाबा नाही म्हणाले, कारण पद्मिनीला मागच्या चाकांनी ओढ मिळते, मागची चाकं रस्त्यावर फिरत राहिली तर डिफरन्शियलही फिरत राहणार आणि तुटलेले दात चांगल्या दातांत जाणार. मग दीड तास थांबून अख्खी गाडी वर चढवणारा ट्रक मागवला, २,२०० रुपये घेतले. अशा वेळी फोनवरच सांगा की मागची चाकं जमिनीला लागता कामा नयेत.

पुढचे पाच दिवस नुसती विचारपूस. बँकेतून जेवणाच्या सुट्टीत फोन करायचे. एका गॅरेजवाल्याने गाडी न बघताच सांगितलं, ताई, भंगारात द्या, याचे पार्ट नाही मिळत. दुसऱ्याने सांगितलं की दुसऱ्या गाडीचा मागचा एक्सल बसवून देतो, पंचवीस हजारात चकाचक. क्षणभर बरं वाटलं ते ऐकून. पण आमची नोंदणी ११ जानेवारी २०२५ला संपत होती आणि नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यायची होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही की जो नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही. आणि खरं कारण सांगायचं तर मला बाबांची गाडी होती तशीच हवी होती.

शेवटी मिस्त्री मिळाले ते आमच्या कॉलनीतल्या एका काकांमुळे, त्यांनी पूर्वी दादर-नाशिक टॅक्सी चालवलेली. त्यांनी मला द्वारकेजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. तिथे साठीच्या पुढचे एक चाचा, आयुष्यभर फियाट आणि अ‍ॅम्बॅसॅडर केलेले, हाताखाली एक मुलगा. चाचांनी गाडी कुठे आहे, आवाज कधीपासून, तेल कधी बदललं, मागच्या चाकाला आतून ओल दिसते का, असं सगळं विचारलं. तेल कधी बदललं ते मला सांगता आलं नाही. ते एवढंच म्हणाले, "दात तुटला तो मी बदलीन ताई, पण का तुटला ते सापडल्याशिवाय नवीन बसवणार नाही. तेवढं थांबायची तयारी असेल तर गाडी आणा."

२६ ऑक्टोबर, शनिवार, गाडी उघडली. मी समोर थांबले होते. आधी त्यांनी वरचा, तेल भरायचा प्लग सैल करून बघितला आणि मगच खालचा ड्रेन प्लग खोलला. मी विचारलं तर म्हणाले, खालचा उघडून तेल सांडून टाकलं आणि वरचा गंजून अडकलेला निघाला तर तेल भरणार कुठून? खालून जे आलं ते तेल नव्हतंच म्हणायचं. जेमतेम अर्धा लिटर, काळं, त्यात चकचकीत कण, आणि शेवटी एक तुकडा टिपकन पडला, शेंगदाण्याएवढा. मग दोन्ही बाजूचे एक्सल ओढून काढले, गिअरबॉक्सकडून मागे येणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, सोडवला आणि पुढच्या बाजूचे नट काढून अख्खा डिफरन्शियल दोघांनी मिळून खाली घेतला. पिनियनचे, म्हणजे आतल्या छोट्या गिअरचे, दोन दात मुळापासून गेलेले, क्राऊनच्या, म्हणजे मोठ्या गोल गिअरच्या, तीन दातांचे कोपरे उडालेले.

इथे थोडं थांबून सांगते, कारण मलाही हे तेव्हाच नीट कळलं. चाचांनी बैलगाडीचं उदाहरण दिलं. बैलगाडीची दोन्ही चाकं आसावर सुटी असतात, वळताना बाहेरचं जास्त फिरतं, आतलं कमी, कुणाचं काही बिघडत नाही, कारण ओढायचं काम बैल करतात, चाकं नुसती मागून येतात. मोटारीत चाकांनाच ढकलायचं काम असतं, आणि दोन्ही चाकं एकाच सळईला घट्ट बसवली तर वळताना एक टायर घासत जाणार. म्हणून मध्ये हा डबा. पुढून आलेला शाफ्ट पिनियनला फिरवतो, पिनियन क्राऊनला फिरवतं, तिथे दिशा काटकोनात वळते आणि वेग कमी होऊन जोर वाढतो, आणि क्राऊनच्या पोटातले चार छोटे गिअर दोन चाकांना आपापल्या वेगाने फिरू देतात. ते चार छोटे गिअर आमचे शाबूत होते. गेले होते ते क्राऊन आणि पिनियन.

आता का गेले. चाचा अर्धा तास नुसतं बघत होते. पिनियनच्या पुढच्या सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रिंगेतून, तेल गळत होतं, डाव्या बाजूचं एक्सल सीलही गेलेलं, त्या चाकाचे ब्रेक-शू तेलाने भिजलेले. दोन्ही सील एकदम कशी गेली? मग त्यांनी हाउसिंगवरचा, म्हणजे डिफरन्शियलच्या बाहेरच्या लोखंडी घरावरचा, ब्रीदर काढला, बोटाच्या पेराएवढी ती टोपी, आणि मला दाखवली. चिखलाने पूर्ण बुजलेली. गाडी चालली की आतली हवा तापून फुगते, ती या टोपीतून बाहेर जायला हवी, ती वाट बंद झाली की दाब सीलवर येतो आणि तेल बाहेर ढकललं जातं. तेल कमी झालं, पिनियनचं बेरिंग झिजलं, पिनियनला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला, दात दाताच्या मध्यावर न बसता टोकावर टेकायला लागले, तोच जूनपासूनचा सूं आवाज, आणि एका चढावर टोकावरचा दात मोडला. त्या टोपीकडे मी किती तरी वेळ बघत राहिले. दहा रुपयांचं ब्रशचं काम होतं. ज्यांच्याकडे जुनी मागे-ओढीची गाडी आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर आधी जाऊन तो ब्रीदर काढून पेट्रोलने धुवा, फुंकर मारून वाट मोकळी आहे का बघा.

दोन दिवसांनी वसुबारस, मग दिवाळी, शेडमधला मुलगा गावी गेला. मी त्या सुट्टीत घाई केली आणि ऑनलाइन एका दुसऱ्या शहरातल्या विक्रेत्याकडून जुना अख्खा डिफरन्शियल मागवला, फोटोत छान दिसत होता. ५,५०० रुपये आणि ट्रान्सपोर्टचे ६५०. चाचांना विचारलं नाही. १४ नोव्हेंबरला आला, चाचांनी कापड फिरवून दात मोजले आणि मान हलवली. क्राऊन आणि पिनियनच्या दातांची संख्या आमच्यापेक्षा वेगळी होती. बसला असता, गाडी चाललीही असती, पण इंजिन आणि चाकांचा हिशोबच बदलला असता, आणि स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून येते त्यामुळे काट्यानेही चुकीचा स्पीड दाखवला असता. वर दातांवर खड्डे पडलेले. विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. ६,१५० रुपये गेले. तुम्ही मागवणार असाल तर आधी आपले दात मोजा, मग समोरच्याकडून मोजून घ्या, आणि क्राऊन आणि पिनियनवर कोरलेल्या नंबरांचे जवळून फोटो मागवा. हे दोन गिअर कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार करतात, दोन्हींवर जोडीचा नंबर सारखाच असतो. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचं पिनियन असं लावलं तर आवाज येणारच.

मधल्या काळात कागदांचं सुरू केलं. नूतनीकरणाचा अर्ज नोंदणी संपायच्या आधी ६० दिवसांपर्यंत करता येतो, म्हणजे आमचं १२ नोव्हेंबरपासून. त्या रात्री परिवहनच्या वेबसाइटवर बसले तर ओटीपी गेला बाबांच्या जुन्या मोबाइल नंबरवर, जो सहा वर्षांपूर्वीच बंद झालेला. मग नंबर बदलायचा अर्ज आधी. २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं, मीच म्हटलं ती गर्दी होऊन जाऊ दे, आणि २५ नोव्हेंबरला सोमवारी अर्धी रजा टाकून पेठ रोडला आरटीओत गेले. सोबत बाबांना नेलं, कारण मालक ते आहेत. आरसी बुक, आधार, विम्याची प्रत, साधा अर्ज. दोन खिडक्या झाल्या, अडीच तास लागले, तीन दिवसांनी नंबर अपडेट झाल्याचं दिसलं. कुठलंही काम काढण्याआधी आपल्या गाडीच्या रेकॉर्डला कुठला मोबाइल नंबर आहे ते बघून ठेवा, जुन्या गाड्यांमध्ये पहिली अडचण हीच येते.

३० नोव्हेंबर, शनिवार. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस, दादरला उतरून लोकलने मागे कुर्ला. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्यालाच होता, म्हणजे आमची गाडी जिथे जन्मली तिथेच मी तिचा पार्ट शोधत फिरत होते, हे सीएसटी रोडवर चालताना सारखं मनात येत होतं. पिशवीत तुटलेलं पिनियन, वर्तमानपत्रात गुंडाळून. चाचांनी बजावलं होतं की मापं तोंडी सांगू नका, वस्तू दाखवा. पहिल्या चार दुकानांत नाही. एकाने सांगितलं की २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हापासून मागणीच उरली नाही, टॅक्स्या तुटल्या त्यातला माल आला तसा वितळायला गेला. पाचव्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेठनी माझं पिनियन हातात घेतलं, दात मोजले, आत गेले, आणि वीस मिनिटांनी एक खोकं घेऊन आले. ग्रीस लावलेल्या कागदात गुंडाळलेली, कधीच न वापरलेली जोडी. दोन्हींवर एकच नंबर. ग्रीस सुकून मधासारखं झालं होतं. ८,५०० सांगितले, मी घासाघीस केली नाही, डोळ्यात पाणी आलं होतं आणि ते लपवायचं होतं. त्यांच्याकडेच पिनियनची दोन आणि क्राऊनच्या बाजूची दोन अशी चार बेरिंगं ३,८०० ला आणि सील ४५० ला मिळाली. आठ किलोचं ओझं घेऊन संध्याकाळच्या गाडीने उभ्याने परत आले. दिवसाचा खर्च ७००.

३ डिसेंबरला सातपूर एमआयडीसीत एका टर्नरकडे गेलो. जुनी बेरिंगं हायड्रॉलिक प्रेसवर काढून नवीन प्रेसवरच बसवली, हातोडी नाही लावायची, बेरिंगच्या रिंगेला तडा जातो. पिनियनच्या फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट जोडायच्या चकतीवर, जिथे सील घासतं तिथे, खोल चर पडलेली, नुसतं नवीन सील घातलं असतं तर महिन्यात परत गळलं असतं. टर्नरदादांनी तिथे पातळ बाही चढवून पॉलिश करून दिली. ड्रेन प्लगमध्ये एक चुंबकही बसवून दिला, म्हणजे पुढे लोखंडाचा चुरा पडला तर त्याला चिकटेल आणि आपल्याला दिसेल. सगळ्याचे मिळून १,७००.

आणि मग खरं काम सुरू झालं. मला वाटत होतं की पार्ट मिळाला म्हणजे झालं, नट आवळायचे. पार्ट मिळणं हे अर्धं काम, बाकीचं अर्धं त्याच्या सेटिंगमध्ये असतं. पिनियन क्राऊनच्या किती आत बसणार हे त्याच्या मागच्या पातळ चकतीवर, शिमवर, ठरतं, केसाएवढ्या फरकाने आवाज बदलतो. चाचांनी क्राऊनच्या सात-आठ दातांना निळी पेस्ट लावली, मुलाला क्राऊनवर हाताने दाब धरायला सांगितला आणि पिनियन फिरवलं. दातावर जिथे घासलं तिथली पेस्ट पुसली जाऊन डाग उमटला. डाग दाताच्या वरच्या कडेला. म्हणजे पिनियन लांब आहे, शिम वाढवा. परत खोला, बेरिंग प्रेसवर काढा, शिम टाका, परत बसवा. आता डाग खाली मुळाशी. म्हणजे जास्तच आत गेलं. एका फेरीला पाऊण दिवस. क्राऊन आणि पिनियनमधला मोकळेपणा डायल गेजवर मोजायचा, त्यांनी तो ०.१२ मिलिमीटरवर ठेवला. बेरिंगचा ताण मोजायला फ्लँजला दोरी गुंडाळून ती ताणकाट्याने ओढायची आणि किती किलोला फिरायला लागतं ते बघायचं. मी शनिवार-रविवार तिथे बसून असायचे, चहा आणायचे, दिवा धरायचे.

८ डिसेंबरला, रविवारी, गाडी जोडून झाली. मी आणि चाचा गंगापूर रोडने निघालो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, शांत. सोडला, आणि बारीक सूं. मी काहीच बोलले नाही, मनात म्हटलं एवढा चालेल, जुनी गाडी आहे. चाचांनीच गाडी बाजूला घ्यायला लावली. "ओढताना शांत, सोडताना बोलतो. दाताची मागची बाजू नीट बसली नाही. परत काढावा लागेल." जास्त पैसे नाहीत म्हणाले, माझं काम आहे. परत सगळं खाली. या वेळी शिममध्ये ०.०५चा फरक केला, डाग दोन्ही बाजूंनी दाताच्या मध्यात आला, थोडा आतल्या टोकाकडे. त्यांनी मुलाला बोलावून तो डाग दाखवला, मग मला दाखवला. गाडीवर लोड आला की तो स्वतःच मध्याकडे सरकतो म्हणाले.

तेल ईपी ९०, म्हणजे जास्त दाब सोसणारं गिअर तेल, बाटलीवर जीएल-५ हा दर्जा लिहिलेलं, लेव्हलच्या होलमधून ओघळेपर्यंत. या डिफरन्शियलमध्ये दात एकमेकांवर घसरत जातात, साधं तेल तिथे टिकत नाही. पण हेच तेल सरसकट गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथल्या पितळी रिंगांना ते चालेल की नाही ते मिस्त्रींना विचारूनच. तेल, पेस्ट, शिमपट्टी, पॅकिंग मिळून १,६००, डाव्या चाकाचे ब्रेक-शू ८५०, आणि शाफ्ट उतरवलाच होता म्हणून त्याच्या टोकांच्या सांध्यातले दोन्ही क्रॉस नवीन टाकले, ९००.

१५ डिसेंबर, रविवार, तुटल्यापासून ५६वा दिवस. या वेळी चाचांबरोबर बाबांनाही घेतलं, मागच्या सीटवर, कारण मागचा आवाज तिथे सगळ्यात नीट ऐकू येतो. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं चालवून थांबायचं, हाउसिंगला हात लावून बघायचा, गार होऊ द्यायचं, मग परत, असं चाचांनी सांगितलेलं, नवीन जोडी पहिल्यांदा तापते तेव्हा तिला सांभाळावं लागतं. चाळीस, पन्नास, पंचावन्न. दाबला, सोडला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. गंगापूर धरणाच्या अलीकडे थांबलो तेव्हा म्हणाले, "खिडकीची काच खडखडतीय, ती बघून घे." चाचा हसायला लागले. इतके दिवस मागच्या आवाजात काचेची खडखड ऐकूच येत नव्हती.

चाचांनी मजुरी ९,००० घेतली. सगळं धरून दुरुस्ती ३५,८५० रुपये, त्यातले ६,१५० माझ्या घाईचे.

मग कागद. विमा नुसता थर्ड पार्टी, हजार ते दीडहजार सीसीचा तेव्हाचा प्रीमियम ३,४१६ आणि त्यावर जीएसटी, म्हणजे चार हजारांच्या थोडं वर. पीयूसी सव्वाशे. नूतनीकरणाची फी तेव्हा, डिसेंबर २०२४मध्ये, ५,०००, स्मार्ट कार्डचे २००, पर्यावरण कर पाच वर्षांचा ३,०००. उशीर झाला तर कारला दर महिन्याला ५०० दंड होता, म्हणून तारीख सांभाळत होते. जुन्या गाडीवाल्यांनी फी भरायच्या दिवशी वेबसाइटवरचा आकडाच बघावा, हे दर बदलत असतात. फॉर्म २५, म्हणजे नूतनीकरणाचा अर्ज, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा, आणि तपासणीची तारीख मिळाली ३० डिसेंबर. चेसिस नंबरची जागा आदल्या दिवशीच रॉकेलने पुसून ठेवली होती, तो वाचता आला नाही तर तिथेच अडतं. पेठ रोडला रांगेत नव्वद मिनिटं. निरीक्षकांनी चेसिस आणि इंजिन नंबर बघितले, दिवे, हॉर्न, वायपर, थोडं चालवून ब्रेक मारायला लावला. डाव्या चाकाचे शू बदलले होते म्हणून गाडी सरळ थांबली. एकानेही डिफरन्शियलबद्दल विचारलं नाही. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कार्ड पोस्टाने आलं, ११ जानेवारी २०३०पर्यंत, मी दोनदा वाचून बघितलं.

गेल्या शनिवारी ५०० किलोमीटर झाले म्हणून पहिलं तेल बदललं. चाचांनी ड्रेन प्लग काढून माझ्या हातात दिला. चुंबकावर राखेसारखी बारीक साय, बोटांत चोळली तर कणी लागली नाही. तुकडा नाही. शेडमधल्या मुलाने आमचं तुटलेलं पिनियन धुऊन फळीवर ठेवलंय, त्या दोन दातांची जागा समोर येईल असं. पुढचं तेल आता १०,००० वर किंवा दोन वर्षांनी, आणि ब्रीदर दर पावसाळा संपला की, हे मी आरसी कार्डाच्या पाकिटावरच लिहून ठेवलंय.